उताण्या छत्र्या

“शिवे, ऐकू यायलंय का गं? आं? ऐकू यायलंय का?”

माय तिकडून ओरडत होती आणि तिच्या ओरडण्यामागं ट्रॅक्टरांची घरघर, कुणाचं तरी भांडण, साखर कारखान्याचा भोंगा असं सगळं एकात एक कालवलेलं होतं. शिवकन्या तेव्हा दहा वर्षांची होती. झरी गावात, दत्तरावांच्या किराणा दुकानात, तांदळाच्या गोणीवर एक गुडघा टेकवून, दोन्ही हातांनी तिनं तो फोन कानाशी दाबून धरला होता. त्या काळ्या रिसीव्हरला तंबाखूचा आणि परक्या तोंडांचा वास होता. त्याला आता तेवीस-चोवीस वर्षं झाली. वास गेला नाही, आवाजही गेला नाही. तो कधीही येतो. वर्गात फळ्यावर समीकरण अर्ध्यावर आलेलं असताना येतो, भाजीवालीनं पाठीमागून हाक मारली की येतो. आज तो आला परभणीतल्या कानाच्या दवाखान्यात, सकाळी साडेअकराला, काचेपलीकडच्या चिमुकल्या खोलीत बसलेल्या मायच्या डोक्यावर हेडफोन चढवून रेणुका नावाच्या तिथल्या मुलीनं माईकमध्ये विचारलं तेव्हा. “मावशी, ऐकू यायलंय का?”

माय, म्हणजे धुरपदाबाई, आतून हसली. मान डोलावली. हेडफोनखाली तिचा पदर गोळा झाला होता आणि साठीला टेकलेला तिचा चेहरा एकाएकी शाळेत नाव घालायला आणलेल्या पोरीसारखा दिसत होता. रेणुकानं सांगून ठेवलं होतं, आवाज आला की हात वर करायचा, कितीही बारीक असो. माय हात वर करत होती. मग मशीन काहीच वाजवत नव्हतं तेव्हाही तिनं हात वर केला.

“मावशी, आत्ता मी काहीच वाजवलं न्हवतं.”

“न्हवतं? मला तर आल्यावानी वाटलं बाई.”

“आल्यावर करा हात वर. वाटल्यावर न्हाई.”

“आता ह्या वयात आलेलं कोन्तं आन् वाटलेलं कोन्तं, तूच सांग,” माय म्हणाली. रेणुका खुदकन हसली आणि तिनं शिवकन्येकडं बघितलं, तुमची माय लय गमतीची हाय, अशा नजरेनं. शिवकन्येला हसता आलं नाही. नसलेला आवाज ऐकून हात वर करणारी ही बाई आणि आलेला आवाज ऐकून हात खाली ठेवणारी तिची लेक, दोघींच्या मध्ये एक काच होती आणि काचेवर कुणाची तरी बोटं उमटलेली होती. ती त्या बोटांकडंच बघत राहिली.

शिवकन्या परभणीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात फार दूरच्या रेडिओ दीर्घिका शोधते. हे वाक्य तिला झरीत कुणाला धडपणे सांगता आलेलं नाही. आभाळातलं ऐकते, एवढंच सांगते ती. पुणे जिल्ह्यात शेताशेतांतून उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या डिशा आभाळाकडं तोंड करून जे गोळा करतात, ते आकडे होऊन तिच्या भाड्याच्या खोलीत येतात, कूलरशेजारच्या टेबलावर, भर दुपारीसुद्धा. ह्या ऐकण्याला अंधाराची वाट बघावी लागत नाही. खालच्या कंपनांवर एखादा ठिपका किती जोरकस आहे ते मोजायचं, मग वरच्या कंपनांवर तोच ठिपका मोजायचा. जवळच्यांचा जोर हळूहळू उतरतो. फार लांबच्यांचा कडा कोसळावा तसा कोसळतो, वरची पट्टी मरून गेलेली आणि नुसती खालची उरलेली. आलेखाची उतरण जितकी उभी, तितकी आशा जास्त. मग आभाळातल्या त्याच जागेचा साध्या प्रकाशातला फोटो काढून बघायचा. तिथं काहीच दिसलं नाही, नुसता काळोख असला, तर ते दिसू नये इतकं लांब असेल ही आशा आणखी वाढते. तीन वर्षं तिच्याकडं असा एक ठिपका होता. उतरण एकदम उभी आणि त्याच्या जागी काळोख. संशोधन करणारी इतर मुलं आपापल्या ठिपक्यांना लाडाची नावं ठेवत. तिनं ठेवलं नव्हतं. ठेवलं असतं तर कोणतं, हे तिला माहीत होतं.

त्या ठिपक्यावर तिचा जीव का जडला, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही अर्धंच सांगितलं. तिथून लहर निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती. सूर्य नव्हता. ऐकायला कान नावाची गोष्टच नव्हती. अशा हाकेला ओ दिली नाही म्हणून कुणाला दोष देता येत नाही. इतक्या लांबचं असलं की सगळं माफ असतं. जेवढं लांब तेवढं माफ. म्हणून ती आणखी लांबचं, आणखी लांबचं शोधत गेली असावी, आणि दर वेळी आलेख कोसळताना बघून तिच्या छातीत काहीतरी सैल होत असे.

आज सकाळी आठला धम्मपाल सरांचा पुण्याहून फोन आला. ते तिचे मार्गदर्शक, मूळचे पूर्णेचे, चिडले की पूर्णेचं बोलतात आणि वाईट सांगायचं असलं की फार मऊ बोलतात. आज मऊ बोलले. “शिवकन्या, बसलीयेस का? बस आधी. चहा घेतलास? घे.” मग थोडं थांबून, “तो एक नाही गं. दोन आहेत.” नवीन, जास्त बारकाईची प्रतिमा आली होती. खालच्या कंपनांवरच्या जुन्या नकाशात शेजारशेजारचे दोन ठिपके फुगून एकच झाले होते. दोघांचा मिळून जोर तिनं एकाचा धरला. वरच्या कंपनांवर मोजताना नकाशा बारकाईचा, तिथं तिनं दोनातला एकच उचलला. उतरण उभी दिसणारच. आणि जागा? जागा तिनं दोघांची मधली काढली होती. तिथं काळोखच असणार, दोघांच्या मध्ये काय असतं. “दोन्ही साध्या दीर्घिका आहेत. तशा जवळच्याच,” सर म्हणाले. “चूक तुझ्या एकटीची नाही, मीही तीन वर्षं मान डोलावत बसलो. आपल्या कामात हे होतं. दुसरा शोधू.” ती बरं म्हणाली. फोन ठेवला. गॅसवर दूध उतू जात होतं ते तिला दिसत होतं आणि हात उचलवत नव्हता. आतून माय म्हणत होती, “शिवे, जळायलं काईतरी. वास यायलाय.” मायला वास येतो. वास अजून येतो.

जवळच्याच.

त्या डिशा तिनं स्वतः बघितल्या त्याच्या फार आधी मायनं बघितल्या होत्या. माय आणि वडील, अण्णा, दर दिवाळीनंतर ऊस तोडायला त्या मुलखात जात. शिवकन्या शाळेसाठी झरीत आत्याजवळ, नर्मदाआत्याजवळ राही. उन्हाळ्यात माय परत आली की तिच्या हातांना चिरा पडलेल्या असत, केसांत पाचटाचा कुबट गोड वास असे, आणि ती सांगे, “तिकडं लय मोठ्याल्या छत्र्या हाईत गं. उताण्या. आभाळाकडं त्वांड करून. पाऊस झेलाया बसल्यावानी. आन् मधीच आपूआप फिरत्यात, मान वळवावी तशा.” दहा वर्षांच्या पोरीला झोप लागायची नाही त्या मान वळवणाऱ्या छत्र्यांनी. आता कधी त्या डिशांचे आकडे पडद्यावर उतरताना तिला वाटतं, ह्यांच्या पायथ्याशी कुठंतरी ती कोपी होती. उसाच्या पाचटाची, वाकून आत शिरायची. तीन दगडांची चूल. आणि एका बाजूला झोळी. झोळीत भक्ती.

भक्ती दोन वर्षांची होती. अंगावर पीत होती म्हणून त्या साली मायनं तिला सोबत नेलं. फडात उसाच्या सावलीला लुगड्याच्या धडप्यावर निजवायची आणि तोडत पुढं जायचं. माय ओव्या रचायची तेव्हा, जात्यावर बसायला फुरसत नव्हती म्हणून कोयत्यावर रचायची. एक ओवी तिनं पुढं कैक वर्षं म्हटली आणि मग एकदम सोडून दिली.

उसाच्या गं फडामंदी पान वाजे सळासळा
माझ्या तान्ह्याच्या रडन्याचा कसा वळखू मी गळा

खूप वर्षांनी, आकड्यांच्या खरखरीतून खरा संकेत कसा निवडायचा हे शिकताना शिवकन्येच्या डोळ्यांसमोर सूत्र नव्हतंच, ही ओवी होती. उसाचं पान वाजतंय, वाजतंय, आणि त्यात कुठंतरी एक गळा आहे.

त्या दिवशी कारखान्याच्या गेटवरून मायनं फोन लावला. बाजारचा दिवस होता. दत्तरावांनी पोरगं पाठवून शिवकन्येला शाळेतून बोलावून घेतलं. अडीच महिन्यांनी मायचा आवाज. “शिवे, आत्याला सांग, उंद्याच्या एस्टीनं निघ म्हनावं. भक्तीची छाती भरलीय. हितं थंडी लय हाय, कोपीत लेकरू निभायचं न्हाई. तिला झरीला घिऊन जा म्हनावं. मुकादम मला सोडंना. ऐकू यायलंय का?” सगळं ऐकू आलं. शब्द न् शब्द, शब्दांच्या मधला मायचा दमसुद्धा ऐकू आला. आणि ती म्हणाली, “न्हाई यायलं.”

कारण तसं म्हटलं की माय पुन्हा शिवे म्हणे. एवढंच कारण. दुसरं काही नव्हतं, हे तिनं पुढं हजार वेळा खणून बघितलं, खाली आणखी काही काळं सापडतंय का म्हणून, पण काही सापडलं नाही. नुसती नावाची भूक होती. माय पुन्हा म्हणाली, शिवे, ऐक गं, आणि सगळं पुन्हा सांगितलं, जास्त मोठ्यानं. ती पुन्हा म्हणाली, न्हाई यायलं. तिसऱ्यांदा माय अगदी जीव तोडून ओरडली. तिसऱ्यांदाही ती तेच म्हणाली, आणि तिला तेव्हा सुख होत होतं, फोनचा वास, मायचा आवाज, गोणीतल्या तांदळाचा गुडघ्याला गारवा. मग टूं टूं झालं. दत्तराव म्हणाले, “काय म्हनली गं माय?” ती म्हणाली, “ऐकूच न्हाई आलं.” दुकानात चार माणसं होती. चौघांनी ऐकलं. घरी जाताना ती वाटेनं मनाशी घोकत गेली, आत्याला असं सांगू, तसं सांगू, पण ऐकूच आलं नाही तर निरोप कळला कसा? दहा वर्षांच्या डोक्याला ह्या गाठीतून वाट दिसेना. आत्या तुरीच्या शेंगा सोलत होती. “काय म्हनली?” “ऐकू न्हाई आलं.” “राहू दे. पुढच्या बाजारी करंल.” आत्यानं एक शेंग तिच्याकडं फेकली. तिनं ती खाल्ली. कोवळी होती. छाती तर थंडीत सगळ्यांचीच भरते, असं तिनं ठरवलं, आणि दाणे चावत बसली.

पुढच्या बाजारी फोन आला तेव्हा दत्तरावांनी तो तिच्याकडं दिलाच नाही. पाठमोरे उभे राहून नुसतं हं, हं म्हणत राहिले.

माय भक्तीवाचून परत आली तेव्हा तिनं कुणालाच काही विचारलं नाही. तिनं तिचा तिचा दोषी शोधून आणला होता. “त्या छत्र्यांनी गिळला माजा आवाज,” ती आल्यागेल्याला सांगे. “तेवढ्या मोठ्या छत्र्या, त्यांच्या पायथ्यातून वायर जानार, आवाज सुखा पोचंल व्हय? लेकरू बिचारं तिकडून म्हनायलंय ऐकू येईना, ऐकू येईना.” लेकरू बिचारं कोपऱ्यात दप्तर आवरत बसलेलं असे. पुढं बारावीला, मग बी.एस्सीला, लहरी म्हणजे काय हे जसजसं कळत गेलं तसतसं तिला त्या छत्र्यांची दया येऊ लागली. एम.एस्सी झाल्यावर तिनं पहिल्यांदा धीर केला. चुलीपुढं बसून म्हणाली, “माय, त्या छत्र्या काही करत नाहीत गं. काही पाठवत नाहीत, काही गिळत नाहीत. त्या नुसत्या ऐकतात.” मायनं भाकरी उलटली. विस्तवावर फुगवली. मग म्हणाली, “मंग ऐकलं असंल की त्यायनी. सांगितलं काहून न्हाई कुनाला?”

शिवकन्या उठून बाहेर ओट्यावर गेली. तोंडाशी आलेलं परत गेलं आणि परत जाताना जास्त खोल गेलं. नंतर तिनं त्याच दुर्बिणीच्या कामात नाव घातलं तेव्हा गावात सगळे म्हणाले, पोरीनं नाव काढलं. माय फक्त म्हणाली, “त्यांच्याचकडं निघालीस व्हय.” आणि बॅगेत शेंगदाण्याची चटणी भरून दिली.

रेणुकानं आता कागद पुढं केला. आलेख होता. खालच्या पट्टीतले ठिपके डावीकडं वर होते, बऱ्यापैकी, आणि मग उजवीकडं जाता जाता रेघ वाकली, आणि कोसळली. शिवकन्येनं तो कागद दोन्ही हातांत धरला. तीन वर्षं पडद्यावर बघितलेली ती उतरण, तंतोतंत तसाच कडा, आज सकाळी तिच्याकडून काढून घेतलेला, दुपारपर्यंत मायच्या नावानं परत आला होता. वर निळ्या शाईत, धुरपदाबाई वैजीनाथ, वय एकोणसाठ.

“बारीक आवाज गेलेत ताई,” रेणुका सांगत होती. “पाखरू, शिट्टी, लहान लेकरू, बायांचा वरचा सूर. जाड आवाज हाय अजून. डॉक्टर म्हनाले कानाला मशीन लावू, पण मशीन गेलेलं आनत न्हाई. हे उतरतच जानार वर्षा-दोन वर्षांत. तुमचा भाऊ बोलला तर कळतंय का त्यांना?”

“भाऊ, परमेश्वर, बोलला की कळतं,” शिवकन्या म्हणाली. “त्याचा आवाज जाड आहे. माझंच कळत नाही.”

“तुमचा लय बारीक हाय ना. आन् तुमी वरडत असाल. वरडलं की आनखी बारीक होतो. जे बोलायचं ते जवळ बसून, हळू, आवाज खाली घेऊन बोला.” मग हेडफोन गुंडाळत, सहज, “बोलून घ्या.”

बोलून घ्या. ऑटोत ते दोनच शब्द तिच्या सोबत होते. माय बाहेर बघत होती. वसमत रोडचा धुरळा, दुकानांच्या पाट्या, दोन्ही बाजूंनी तोंडं हलत होती आणि मायच्या चेहऱ्यावर ते हलकं हसू होतं, सगळं कळतंय असं दाखवणारं, जे गेल्या वर्षापासून कायमचं बसलंय. बसस्थानकाबाहेर रसवंती होती. चाक फिरत होतं, चाकाला बांधलेली घुंगरं छुमछुम करत होती, इतकी की शिवकन्येला कान झाकावेसे वाटले. माय म्हणाली, “बंद हाय व्हय आज रसवंती? घुंगरू वाजंना.” चाक तिला दिसत नव्हतं, मध्ये माणसं होती. शिवकन्या म्हणाली, “हां. बंद आहे.” म्हटलं आणि तिला जाणवलं, किती सहज आलं हे, किती जुन्या सवयीचं. घुंगरू वाजत होतं. तशीही माय उसाचा रस पीत नाही.

जिंतूरची गाडी लागली होती, वाटेत झरीला थांबणारी. चालक नव्हता. गाडीत पुढं दोघंतिघं झोपलेली. मायला खिडकीशी बसवून, पिशवी मांडीवर देऊन, औषधाची चिठ्ठी चोळीच्या खिशात घालून ती खाली उतरणार होती, नेहमीसारखी. पण मायनं तिचा हात धरला.

“सक्काळी तुज्या सरांचा फोन आलता. तवापासून त्वांड उतरलंय. काय म्हनले?”

शिवकन्या शेजारी बसली. आवाज खाली घेतला. स्वतःचा आवाज तिला ओळखू येईना, कुणा पुरुषाचा उसना आणल्यासारखा. “माय, मी एक लांबचं शोधलं होतं. लय लांबचं. ते लांबचं नाही निघालं. जवळचंच निघालं.”

मायला कळलं. पहिल्यांदाच, पुन्हा न विचारता कळलं. तिचे डोळे मोठे झाले, आवाज पोचल्याच्या नवलानं. “अगं मंग बरंच की! जवळ हाय तर कामून रडायलीस? लांबचं घिऊन काय करायचं?” मग हात थोपटत, “तुज्या त्या छत्र्यायचा काई भरवसा न्हाई बग. त्यायनी माजा बी घात केला. त्या दिशी लाईन चांगली असती तर…” ती थांबली. एवढं ती दर वेळी म्हणते आणि दर वेळी इथंच थांबते. पुढं भक्तीचं नाव येतं, ते ती घेत नाही.

बाहेर चालक आला. पानाची पिंक टाकून दारावर हात पुसत होता. तो आता चढेल, किल्ली फिरवेल, आणि इंजिनाची ती जाड घरघर सुरू होईल, खालच्या पट्टीतली, मायजवळ उरलेली तेवढीच पट्टी भरून टाकणारी. मग झरीपर्यंत काही ऐकू येणार नाही. मग मशीन येईल, मग तेही उतरत जाईल, आणि ही रेघ एके दिवशी कागदाच्या खालच्या कडेला टेकेल. शिवकन्येला मायच्या कानाची पाळी दिसत होती, कुडीच्या वजनानं लांब झालेली, भोक चिरत आलेलं. किती जवळ होती ती. सगळं किती जवळ होतं आणि होतंच, पहिल्यापासून, मध्ये काळोख नव्हता, अंतर नव्हतं, चार माणसं आणि तांदळाची गोणी होती फक्त. चालकानं पायरीवर पाय ठेवला. गाडी त्याच्या वजनानं हलली.

तिनं तोंड मायच्या कानाशी नेलं. तेलाचा वास आला. श्वास खाली घेतला, आणखी खाली, पोटातून जिथून आवाज जाड निघतो तिथपर्यंत.

“माय, छत्र्यांचा काई दोष न्हवता. लाईन बी चांगली व्हती,” ती म्हणाली. “मला सगळं ऐकू येत व्हतं.”